भाताचे खाचर आणि सिमेंटचे पोते

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत घोकलेले आहे. पृथ्वीच्या तापमानवाढीचा विषय निघाला, की मात्र आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात ती कारखान्यांची धुरांडी आणि रस्त्यावर तुंबलेल्या मोटारी. ते चित्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे. ताटातला भात आणि डोक्यावरचे छप्पर, म्हणजे तिन्हींपैकी दोन गरजा, या तापमानवाढीत मोठ्या वाटेकरी आहेत. भारतातून वातावरणात जाणाऱ्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे १४ टक्के वाटा थेट शेतीचा आणि पशुपालनाचा आहे. इमारतींचा हिशेब तर त्याहून मोठा. त्या बांधण्यासाठी लागणारे सिमेंट, पोलाद, विटा आणि बांधून झाल्यावर त्या थंड वा उबदार ठेवण्यासाठी लागणारी वीज हे सारे एकत्र केले, तर जगाच्या ऊर्जेशी आणि उद्योगांशी निगडित कार्बन डायऑक्साइडपैकी एक तृतीयांशाहून अधिक त्यांच्याच खात्यावर जमा होतो.

या दोन्ही क्षेत्रांत गेल्या तीन-चार दशकांत संशोधकांनी मनापासून काम केले आहे, आणि त्यातले बरेचसे आपल्याच देशात झाले आहे. तरीही घराघरांत त्याची चर्चा होत नाही. म्हणून आज रविवारच्या निवांतपणात हा विषय वाचकांपुढे ठेवावा, असे मला वाटले. त्यातून उभा राहणारा खरा प्रश्न यंत्रांचा किंवा रसायनांचा नाही. हा बदल करायचा कोणी आणि त्याची किंमत मोजायची कोणी, हा तो प्रश्न आहे.

एका मोजमापाची गोष्ट

आधी भाताकडे वळू. पाण्याने भरलेल्या खाचरात चिखलाला प्राणवायू मिळत नाही. अशा कोंडलेल्या मातीत वाढणारे सूक्ष्म जीव पालापाचोळा, मुळे, शेणखत कुजवताना मिथेन नावाचा वायू तयार करतात, आणि भाताच्या पोकळ देठातून तो नळीतून यावा तसा वर येतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने पाहिले, तर हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सत्तावीस-अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो.

नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एक अंदाज मांडला होता. भारतातील भातशेतीतून दरवर्षी जवळजवळ ३८ दशलक्ष टन मिथेन बाहेर पडतो, असे त्यात म्हटले होते. हा आकडा परदेशातील शेतांवरच्या मोजमापांवरून काढलेला होता. डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९९१ साली देशभरातील संस्था बरोबर घेतल्या आणि प्रत्यक्ष खाचरांतून वायूचे नमुने गोळा केले. बांधावर जाऊन केलेल्या या मोजणीत आकडा निघाला सुमारे ४ दशलक्ष टन. म्हणजे अंदाजाच्या जवळपास एक नवमांश!

हा फरक पडला कसा? आपली बरीचशी भातशेती पावसावरची आहे. पाऊस ओढ देतो, खाचर सुकते, भेगा पडतात, मातीला हवा मिळते. शिवाय आपल्या अनेक जमिनींत सेंद्रिय कर्बच कमी. त्यामुळे परदेशातली फूटपट्टी इथे लागू पडत नाही. त्याच १९९१ साली अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीसाठीचे उत्सर्जन एकाच तागडीत घालू नका, असे जगाला बजावले होते. भारताने २०२१ साली ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. मात्र त्याच परिषदेत पुढे आलेल्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेवर भारताने सही केली नाही. एक-दोन एकरांच्या शेतकऱ्याचा भात आणि त्याच्या गोठ्यातली म्हैस हा देशाच्या सौद्याचा विषय होऊ नये, अशी त्यामागची भूमिका. ती मला पटते. पण सही न करणे ही एक गोष्ट झाली आणि शेतकऱ्याच्या फायद्याचे असलेले संशोधन त्याच्यापर्यंत न पोचवणे ही दुसरी. पहिलीचा आधार घेऊन दुसरीचे समर्थन करता येणार नाही.

नळीचा एक तुकडा

फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सुचवलेली एक युक्ती इतकी साधी आहे, की तिला संशोधन म्हणावे की नाही असा प्रश्न पडावा. प्लास्टिकच्या नळीचा सुमारे एक फूट लांबीचा तुकडा घ्यायचा, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला भोके पाडायची आणि तो अर्धा भाग खाचरात गाडायचा. नळीत डोकावले, की जमिनीखाली पाणी किती खोल आहे ते दिसते. पाणी जमिनीच्या पृष्ठभागाखाली १५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभर उतरेपर्यंत पुन्हा भरणी करायची नाही. मुळांना तोवर ओल मिळत राहते. लावणीनंतरचे पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्याचा काळ तेवढा सांभाळायचा. बाकी वेळ पाणी भरायचे, सुकू द्यायचे, पुन्हा भरायचे. मातीला हवा मिळाली, की मिथेन तयार करणाऱ्या जीवांचे काम थंडावते. मिथेन एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत घटतो, पाणी बऱ्यापैकी वाचते आणि उत्पन्नाला सहसा धक्का लागत नाही. खाचर सुकताना नायट्रस ऑक्साइड हा दुसरा वायू थोडा वाढतो, हे खरे. पण खत बेताने दिले तर गोळाबेरीज फायद्याचीच राहते.

आता ही युक्ती आपल्याकडे कुठे चालेल? आषाढात कोकणातल्या शेतकऱ्याला नळीत डोकावायला सांगणे म्हणजे थट्टाच. वरच्या खाचरातले पाणी खालच्या खाचरात धावत असते, ते थांबवायचे कोणाच्या हाती आहे? पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले मालगुजारी तलाव आहेत. तिथे बांधीत पाणी सोडणे आणि अडवणे माणसाच्या हाती असते. त्या भागात फिरताना एका शेतकऱ्यापुढे मी हे नळीचे गणित मांडले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "भाऊ, मी बांधी सुकू देईन. पन नळीत पानी खाली गेलं त्या दिवशी माह्या पाळीचं पानी नाही आलं, तं मले कोन देईल?" 

या एका प्रश्नात सगळा विषय आला. शेतकरी खाचर भरून ठेवतो तो अज्ञानापोटी नव्हे; उद्या पाणी मिळेल याची खात्री नाही, म्हणून. भरलेले खाचर हा त्याचा विमा आहे. तेव्हा मिथेन कमी करायचा असेल, तर नळी वाटण्याआधी तलावातला गाळ काढावा लागेल, पाटाची दुरुस्ती करावी लागेल आणि पाणीवाटपाची पाळी घड्याळासारखी चालवावी लागेल. प्रयोगशाळेतील शोध आणि बांधी यांच्यामध्ये गळका पाट असतो, तो कुठल्या शोधनिबंधात दिसत नाही.

कोकणापुरता वेगळा मार्ग नेरळ येथील चंद्रशेखर भडसावळे यांनी दाखवला. सगुणा भात तंत्र या नावाने तो ओळखला जातो. यात चिखलणी नाही, लावणीही नाही. गादीवाफे एकदाच करायचे, त्यावर ठरावीक अंतराने बी टोकायचे, कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची आणि पुढच्या वर्षी नांगर न फिरवता त्याच वाफ्यांवर पेरायचे. चिखल नसल्याने माती मोकळी राहते, नांगरट नसल्याने डिझेल वाचते, कर्ब मातीत टिकतो आणि लावणीच्या दिवसांत कमरेचा काटा ढिला होत नाही. या पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चिखलणी तण दाबून टाकते. ती बंद झाल्यावर तणनाशकावर भिस्त येते, आणि ते औषध ओढ्या-विहिरींत उतरणार नाही याची काळजी कोणीतरी घ्यावी लागते.

गोठा, गोणी आणि पाचट

आपल्या शेतीच्या उत्सर्जनातला निम्म्याहून अधिक भाग जनावरांच्या रवंथातून येतो. गाय-म्हैस चारा पचवताना ढेकरेवाटे मिथेन सोडते. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने 'हरित धारा' नावाचे एक खाद्यपूरक तयार केले असून त्यामुळे हा मिथेन १७ ते २० टक्क्यांनी घटतो, असे त्यांच्या चाचण्यांत दिसले. कमी दुधाची जास्त जनावरे निकृष्ट वैरणीवर जगवण्यापेक्षा मोजकी जनावरे चांगल्या चाऱ्यावर ठेवणे हाही जुनाच, पण पक्का उपाय. त्यात उत्सर्जन आणि खर्च दोन्ही घटतात.

युरियाची गोष्टही तशीच. तो बनवायला नैसर्गिक वायू जळतो, आणि शेतात टाकलेल्या नत्रापैकी निम्म्याच्या आसपासच पिकाच्या तोंडी लागते. उरलेले पाण्याबरोबर वाहून जाते किंवा हवेत उडते. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक आहे. २०१५ पासून देशात बनणारा सारा युरिया निंबोळी तेलाचे आवरण देऊन विकला जातो, तो नत्र हळूहळू सुटावे म्हणून. भाताच्या पानाचा हिरवा रंग एका पट्टीशी ताडून पाहायचा आणि पान फिके दिसले तरच खत द्यायचे, अशी पट्टीही उपलब्ध आहे. तिची किंमत किरकोळ, पण किती गावांत ती पोचली?

उसाच्या पट्ट्यात तोडणीनंतर पाचट पेटवून देण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. त्या धुरात कर्ब जातो, आणि मग तोच कर्ब जमिनीत नाही म्हणून आपण कृषी परिसंवाद भरवतो! पाचटाची कुट्टी सरीत पसरली, तर ओल टिकते, गांडुळे वाढतात आणि दोन-तीन वर्षांत माती हाताला वेगळी लागते. शेतकऱ्याच्या बोलण्यातला 'सेंद्रिय कर्ब' आणि जागतिक परिषदांमधला 'कार्बन' हे एकच आहेत. एक मातीत हवा आणि दुसरा हवेत नको, एवढेच या साऱ्या शास्त्राचे सार आहे.

सिमेंटचे गुपित

आता निवाऱ्याकडे येऊ. सिमेंट कारखान्याच्या धुरांड्यातून येणारा कार्बन डायऑक्साइड फक्त कोळशाचा असतो, अशी बहुतेकांची समजूत असते. खरे तर त्यातला निम्म्याहून जास्त येतो तो दगडातून. चुनखडी भाजली की तिचा चुना होतो आणि तिच्यात कोट्यवधी वर्षे बंदिस्त असलेला वायू सुटतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजा; ५६ किलो चुना हाती येईल आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड आकाशात जाईल. भट्टी सौर ऊर्जेवर चालवली तरी या ४४ किलोंची सुटका नाही. म्हणूनच जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा, आणि सिमेंट उत्पादनात चीनखालोखाल क्रमांक आपला.

यावर तोडगा काय? भाजलेल्या चुनखडीचे, म्हणजे क्लिंकरचे, सिमेंटमधले प्रमाण कमी करायचे. स्वित्झर्लंडच्या लोझान येथील प्राध्यापक कॅरेन स्क्रिव्हनर, क्युबातील संशोधक आणि दिल्ली, मुंबई, मद्रास येथील आपल्या आयआयटी यांनी मिळून एक नवे मिश्रण सिद्ध केले. त्यात क्लिंकर निम्मेच. उरलेल्यात ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि थोडे जिप्सम. क्लिंकरला सुमारे १४५० अंशांची आच लागते, तर मातीला सातशे-आठशे अंश पुरतात, आणि मातीतून दगडासारखा वायू सुटत नाही. उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी उतरते. चिनी मातीच्या खाणींवर टाकाऊ म्हणून पडलेली माती यासाठी चालते. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ साली या सिमेंटचे प्रमाणक जाहीर केले आहे.

जुन्या जाणत्या गवंड्याला हे सांगितले, तर तो हसेल. भाजलेल्या विटांचा चुरा म्हणजे सुरखी, आणि चुना व सुरखी घाणीत मळून केलेल्या गाऱ्यावर आपले वाडे, घाट आणि पूल उभे राहिले. भाजलेली माती चुन्याशी संयोग पावून दगडासारखी घट्ट होते, हे ज्ञान आपल्या कारागिरांच्या हातांत होते. त्या हातांना नव्या संशोधनाने मोजमाप दिले, भरवसा दिला आणि बहुमजली इमारतीचे बळ दिले.

विटेची कथा मात्र शेतीला येऊन भिडते. भट्टीसाठी जी माती खणली जाते, ती पुष्कळदा शेताच्या वरच्या थरातली, म्हणजे सर्वांत कसदार. पावसाळ्यात ज्या खाचरात भात लावतात, त्याच्या शेजारीच उन्हाळ्यात भट्टी धगधगते. आणि रायगड-ठाण्यातली जी कातकरी कुटुंबे लावणीला येतात, त्यातलीच अनेक भट्टीवर राबतात. औष्णिक वीज केंद्रांजवळच्या बांधकामांत राखेच्या विटा वापरा, असे सांगणाऱ्या केंद्राच्या अधिसूचना १९९९ पासून निघत आहेत. लॉरी बेकर या जन्माने इंग्रज आणि मनाने केरळी झालेल्या वास्तुविशारदाने विटा उभ्या कडेवर रचून मध्ये पोकळी ठेवणारी भिंत लोकप्रिय केली. त्यात विटा जवळपास चौथाईने कमी लागतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट ताण पेलत नाही, तो ताण सळई पेलते. म्हणून तिथे जुनी मंगळुरी कौले घालून काँक्रीट वाचवण्याची रीतही त्यांनी रूढ केली. आपल्या कोकणातला जांभा दगड तर भट्टीत जातच नाही. खाणीतून चिरा काढायचा आणि रचायचा.

किल्लारीचा धडा

इथे कोणी म्हणेल, मग मातीचीच घरे बांधू या. शहरातल्या दिवाणखान्यात बसून हे म्हणणे सोपे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे मेली, ती मुख्यतः आपल्याच घरांखाली. ओबडधोबड दगडांच्या मातीत रचलेल्या जाड भिंती आणि वर मातीचे वजनदार माळवद. ते घर उन्हाळ्यात गारवा द्यायचे, पण भूकंपात त्यानेच घात केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या माणसाने सिमेंटच्या घराची आस धरली, त्याला कोणत्या तोंडाने नावे ठेवायची?

पण किल्लारीनंतर अभियंत्यांनी जे सांगितले, तेही ध्यानात घ्यायला हवे. दोष एकट्या मातीचा नव्हता. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, दारा-खिडक्यांच्या वरून घराला कमरपट्ट्यासारखा वेढणारा काँक्रीटचा पट्टा नव्हता, आणि माळवदावर दर काही वर्षांनी नवी माती चढत गेली होती. हे तीन दोष काढले, तर दगड-मातीचे घरही माणसाला दगा देण्याची शक्यता पुष्कळ घटते. थोडे सिमेंट नेमक्या जागी वापरावे, एवढाच त्याचा अर्थ. कमी कर्बाचे घर आधी सुरक्षित असले पाहिजे. गरिबाच्या जिवावर उत्सर्जन वाचवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

उलट, जिथे चैन आहे तिथे कात्री चालवायला भरपूर वाव आहे. पश्चिमेच्या उन्हात काचेच्या भिंती उभारायच्या आणि आतला भाजणारा उकाडा वातानुकूलन यंत्रांनी बाहेर फेकायचा, ही आपल्या महानगरांची नवी रीत. ऊर्जा बचतीची इमारत संहिता व्यापारी इमारतींसाठी २००७ साली आणि निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' २०१८ साली आली. अहमदाबादेने २०१३ साली उष्णतेचा मुकाबला करण्याचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी रंगवली. आपल्या वाड्यांचा चौक, खोल ओसरी, खिडकीवरचा छज्जा हे सारे याच शास्त्राचे धडे होते. संहिता कागदावर आहे. ती नकाशा मंजूर करणाऱ्या टेबलावर किती पाहिली जाते, हे सदनिका घेणाऱ्याने विचारायला हवे.

हिशेब कोणाच्या नावावर?

शेतकऱ्याने वाचवलेल्या कर्बाचे पैसे त्याला मिळावेत, म्हणून कार्बन क्रेडिटचा बाजार उभा राहिला आहे. कल्पना चांगली, पण सावध राहायला हवे. २०२४ साली चीनमधील ३७ भातशेती प्रकल्प नोंदणी करणाऱ्या व्हेरा या संस्थेनेच रद्दबातल ठरवले. मोजमाप चोख नसेल, तर १९९१ पूर्वीच्या चुकीच्या आकड्याची उलटी आवृत्ती निघते. तेव्हा पाप जास्त मोजले जात होते, आता पुण्य जास्त मोजले जाईल. आणि दलालांच्या साखळीतून शेवटी बांधावर किती रुपये पोचतात, हा प्रश्न तर ऊस, कापूस, कांदा पिकवणाऱ्या महाराष्ट्राला नव्याने शिकवायला नको.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की क्रम चुकू नये. शेतकऱ्याला आधी पाण्याची हमी, मातीची तपासणी आणि खात्रीचा सल्ला द्या. त्याचा खर्च वाचला की उत्सर्जन आपोआप घटेल. त्याला पापाची जाणीव करून देण्याची गरज नाही. घराच्या बाबतीत मात्र आपण, हे पान चहाबरोबर वाचणारी मध्यमवर्गीय माणसे, स्वतःच निर्णय घेणारी आहोत. गावी घर बांधणारा मुलगा, सदनिका घेणारी सून, सोसायटीच्या सभेत गच्चीच्या दुरुस्तीवर तावातावाने बोलणारे आजोबा, सगळ्यांच्या हाती काही ना काही आहे. राखमिश्रित सिमेंट मागा. त्याला पाणी मारायला निदान १० दिवस आणि कडक उन्हाळ्यात १४ दिवस द्या, म्हणजे 'हे सिमेंट कच्चे' अशी तक्रार उरणार नाही. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा काढा. गच्चीला पांढरा रंग द्या. पाडण्याआधी डागडुजी होते का, ते पाहा. कारण उभ्या असलेल्या घराचे सिमेंट पुन्हा भाजावे लागत नाही.

झाडीपट्टीतल्या त्या शेतकऱ्याचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. पाळीचे पाणी वेळेवर येईल, असे त्याला कोणी खात्रीने सांगू शकेल, त्या दिवशी नळीचा तो तुकडा त्याच्या बांधीत आपणहून उभा राहील. तोवर आपल्या घरातल्या सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब तरी आपण चोख ठेवायला काय हरकत आहे?